सुनीताबाई आणि आमची ही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १२ जून रोजी केलेले भाषण)



मला विषय दिला होता 'आपली रत्नागिरी'. पण लोकमान्यांच्या जन्मस्थानापासून सुरुवात केली, तर थिबा राजवाड्यापर्यंत पोचेतो निम्मी मंडळी चहाला गेलेली असतील. म्हणून म्हटलं, रत्नागिरीच्या एका मुलीबद्दलच बोलावं. तारीखही जमून आली आहे. १९४६ साली आजच्याच तारखेला, याच गावात, सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्न झालं.

सुनीताबाईंचा जन्म रत्नागिरीचा, ३ जुलै १९२६चा. वडील इथले वकील. मुलगी लहानपणापासून स्वतंत्र बुद्धीची. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली. लग्न करायचं तर नोंदणी पद्धतीनं, थाटमाट नको, असा तिचा आग्रह. पुलं आदल्या दिवशी घरच्यांबरोबर रत्नागिरीला आले. वडील साक्षीदारांना सांगायला कोर्टात गेले, तर ती वकील मंडळी म्हणाली, उद्या कशाला, आजच उरकू की! आली सगळी घरी. नवरानवरी घरच्या कपड्यांवर, सह्या झाल्या, लग्न लागलं. खर्च काय, तर नोंदणीच्या फॉर्मचे आठ आणे. तेसुद्धा नवरीनं दिलेले! आज आपल्याकडे नुसत्या मांडवाचं कोटेशन ऐकून माणूस खाली बसतो. तर असे पुलं रत्नागिरीचे जावई झाले, आणि पुढे मधल्या आळीतला अंतू बर्वा महाराष्ट्राच्या घराघरात पोचला.

सुनीताबाईंचं नाव काढलं की लोक लगेच म्हणतात, बाई फार कडक हो! पुलंच्या नावावर तो विनोदही प्रसिद्ध आहे, मी देशपांडे आणि ही उपदेशपांडे. प्रयोगांची व्यवस्था, पैशांचा हिशेब, परवानग्या, सगळं त्यांच्याकडे. लेखकाच्या लेखनाला मोल आहे, ते कुणी फुकट उचलू नये, याबद्दल त्या ठाम. त्यामुळे वाईटपणा सगळा त्यांच्या वाट्याला आला.

पण याच बाई १९४८च्या 'वंदे मातरम्' चित्रपटात पुलंबरोबर नायिका होत्या. 'सुंदर मी होणार' नाटकात त्यांनी काम केलं. बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कविता दोघं मिळून लोकांना म्हणून दाखवायची. ढीगभर कविता पाठ! मनात मौज नसलेल्या माणसाला हे जमतं का? आणि त्या हिशेबातून जे साठलं, ते गेलं कुठे? पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्यासाठी या दोघांनी एक लाख रुपये दिले. आठ आण्यांत लग्न करणाऱ्या बाईंचा हा हिशेब.

आता थोडं घरचं बोलतो. परवानगी असावी.

आमची ही जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. तुम्ही सगळे तिला काकू म्हणायचात. माझ्या बहिणीची मुलं मामी, तिच्या बहिणीची मावशी. आम्हाला मूलबाळ नव्हतं, पण घरात कधी शांतता होती असं मला आठवत नाही. शिमग्यात पोरांच्या पुढे उभी राहून बोंब मारणारी पन्नाशीची बाई या इमारतीनं पाहिली आहे. हाउझीचे आकडे पुकारताना प्रत्येक आकड्याला सोसायटीतल्या कुणाचं तरी नाव लावायची, आणि ज्याचं नाव त्यालाच सगळ्यात जास्त हसू यायचं. भाट्याच्या किनाऱ्यावर भाचरांना घेऊन गेली की चपला हातात घेऊन पहिली पाण्यात हीच.

आणि मला मात्र ती बोलायची. लाइटबिल भरलंत का, गोळी घेतलीत का, त्या अमक्यांकडे भेटून आलात का. मग मी चारचौघांत पुलंचा तो विनोद उसना घ्यायचो. "आमच्याकडेही एक उपदेशपांडे आहेत." सगळे हसायचे. तीही हसायची. किती वेळा केला असेन हा विनोद, मोजदाद नाही.

तिच्या कपाटात 'आहे मनोहर तरी' होतं. १९९०चं सुनीताबाईंचं पुस्तक. ती मला अनेकदा म्हणाली, "अहो, एकदा वाचा तरी." मी म्हणायचो, बघू. ती गेल्यावर वाचलं. नवरा सगळ्यांना हवाहवासा, आणि त्या हवेहवेसेपणामागे घर, दौरे, पैसा सांभाळता सांभाळता बायकोची काय दमणूक होते, ते त्यात वाचलं, आणि पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो. माझी काही पुलंशी बरोबरी नाही. पण विनोदाची टाळी मला आणि कामाचा धबडगा तिला, एवढं साम्य होतं.

त्याच कपाटात तिच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. दूध, वाणी, गॅस, सगळं तारीखवार. आणि मे महिन्याच्या पानावर, 'साठं १४, त्यांतली २ चोरांना'.

बालगोपाळांनो, आणि आता मिशा फुटलेल्या माजी बालगोपाळांनो, समजलं का? गच्चीवर आंब्याची साठं वाळत घातली की तुम्ही कडेची दोन पळवायचात, आणि काकू काठी घेऊन जिन्यापर्यंत धावायची. ती दोन तुमच्यासाठीच घातलेली असायची. दर वर्षीच्या मे महिन्याच्या पानावर ही नोंद आहे. मला वाटायचं, हिला मजा आपोआप सुचते. पण तिची मजासुद्धा आधी ठरवलेली असायची, वहीत मांडलेली असायची.

सुनीताबाईंचा लोकांना हिशेब दिसला, मौज दिसली नाही. हिची सगळ्यांना मौज दिसली, मागचा हिशेब दिसला नाही. मलाही नाही, आणि मी तर त्याच घरात राहत होतो.

१२ जून २००० रोजी पुलं गेले. लग्नाला त्या दिवशी बरोबर ५४ वर्षं झाली होती. त्यानंतर सुनीताबाई नऊ वर्षं होत्या. ७ नोव्हेंबर २००९ला पुण्यात त्या गेल्या. मागे राहिलेल्या माणसाचे दिवस कसे जातात, ते आता मला थोडं कळतं.

आज स्टेजवर कमिटीच्या सभासदांचे सत्कार झाले, योग्यच झालं. पण पंचवीस वर्षं गणपतीच्या प्रसादाचं मोजमाप करणाऱ्या, पाण्याच्या टँकरसाठी पहाटे उठणाऱ्या, वाईटपणा घेऊन वर्गणी गोळा करणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक मजल्यावर आहेत. घरी गेल्यावर त्यांना दोन शब्द बोला. विनोद नको. साधे बोला. मला ते जमलं नाही, म्हणून आज माइकवरून बोलतो आहे.

यंदा मे महिन्यात मी स्वतः साठं घातली. शेजारच्या वहिनींनी रस आटवून दिला. एक जाड, एक पातळ, आकार देवाला ठाऊक. कडेला दोन जास्त घातली. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. बहुतेक वाटलं असेल, काका बिचारे एकटे. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर दोन्ही गायब. मी काठी घेऊन जिन्यापर्यंत धावलो. गुडघे दुखतात, पण धावलो.

ज्यांनी नेली, त्यांना माझे आशीर्वाद. पुढच्या वर्षी तीन घालीन.