साक्षीला घरचं माणूस



वडीगोद्रीला साहित्याचा मेळावा आहे, असं मी आमच्या एका स्नेह्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “तिथं पुन्हा उपोषण आहे काय?” त्याची चूक नाही. धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावानं आणि शेजारच्या अंतरवाली सराटीनं 2023 आणि 2024 या दोन वर्षांत आरक्षणासाठीच्या उपोषणांचे इतके मंडप पाहिले, की मंडपात कविताही वाचतात हे लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. संयोजकांनी हेच गाव निवडलं आणि अध्यक्षपदी एका ख्रिस्ती लेखकाला बसवलं, याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि मुद्द्यावर येतो.

मला साक्षीबद्दल बोलायचंय. समोर वारकरी आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. प्रार्थनासभेत उभं राहून, येशूमुळे आपलं आयुष्य कसं पालटलं हे माणूस आपल्या तोंडानं सांगतो, त्याला आम्ही साक्ष देणं म्हणतो. आमच्याकडे या साक्षीचा आता साचा झालाय. मी दारूत होतो, आजारी होतो, कुणीतरी प्रार्थना केली, उजेड पडला. खरं असतं ते, पण पाठही झालेलं असतं.

इकडच्याच एका वस्तीवर ऊसतोड करणाऱ्या एका गड्याची साक्ष मी ऐकली. गळीत हंगाम संपून माणसं नुकतीच परतली होती. तो म्हणाला, “ज्या दिवशी प्रार्थना झाली, त्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही.” मागं ताडपत्रीवर बसलेली त्याची बायको मान वर न करता म्हणाली, “सहा महिन्यांनी सोडली. मधी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा माझी जोडवी विकून.” सभा हसली, तो ओशाळला, पाळकांनी घाईनं गीत धरलं. पण त्या सभेत साहित्य कुठं असेल, तर ते त्या ताडपत्रीवर होतं. सहा महिने, दोनदा, जोडवी. बदलाला किंमत लागली होती आणि ती कुणी मोजली हे तिला ठाऊक होतं.

मार्काच्या शुभवर्तमानात भूतबाधा झालेला एक माणूस बरा होतो आणि येशूबरोबर होडीत यायचं म्हणतो. येशू त्याला नेत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि त्यांना सांग, म्हणतो. मला हा फार अवघड हुकूम वाटतो. परक्या गावात साक्ष देणं सोपं, तिथं कालचा तुम्ही कुणाला माहीत नसता. घरी सगळा हिशेब माहीत असतो.

जालन्याच्या मातीत बोलताना रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं नाव घ्यावंच लागतं. 1860च्या दशकात ते इकडे आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. त्यात बरीच घरं मांग-महारांची होती. 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पागोटं घालून बोललेला हा माणूस. आमच्या मंडळ्यांत हे सगळं अभिमानानं सांगतात. पण त्याआधी तीस वर्षं, 1843 साली मुंबईत नारायणरावांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरींच्या घरी राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले. पोरगा अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. मग त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबईचा ब्रह्मवृंद दुभंगला. बाळशास्त्री जांभेकर पोराच्या बाजूनं उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका घरातला एक मुलगा गेला, दुसरा परत आला तो अर्धाच. त्या बापाचं म्हणणं उरलं ते अर्जाच्या भाषेत. त्या घरात आई होती, शेजार होता, सणवार होते. नारायणराव गेल्यावर सणाच्या दिवशी तिथं किती पानं मांडली जात, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

अशी घरं इतकी फुटत होती, की सरकारला कायदे करावे लागले. धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, यासाठी 1850चा कायदा. बाप्तिस्मा घेतलेल्याची बायको किंवा नवरा नांदायला येत नसेल, तर काडीमोडाची वाट देणारा 1866चा कायदा.

आणि त्यानंतर तीसेक वर्षांनी एक बाई नांदायला आली, ती मात्र आपल्या वेळेला आणि आपल्या अटींवर. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. पुढची काही वर्षं वियोगाची. मग एकत्र आल्या, तेव्हाही सोवळं सुटलेलं नव्हतं, चूल वेगळी. जात आधी मनातून गेली, बाप्तिस्मा नंतर, 1900 साली राहुरीला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ 1934पासून भागाभागानं छापून आलं आणि मराठीतली सर्वांत मोठी ख्रिस्ती साक्ष ठरली. तिच्यात टिळकांचा संताप आहे, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची खोड आहे, स्वतःची फजिती आहे आणि रडणारे, शिव्या देणारे, तरी जेवायला वाढणारे हिंदू नातेवाईक आहेत. त्यांना बाईंनी कुठं सैतान केलेलं नाही. मी उघड सांगतो, टिळकांच्या कवितेवर माझं प्रेम आहे, पण त्यांचं धर्मांतर मला कळलं ते बायकोकडून.

पंडिता रमाबाईंची साक्ष 1907ची. तिच्यात एक कबुली आहे, जी आजच्या साच्यात बसणार नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्त खऱ्या अर्थानं सापडला तो सुमारे आठ वर्षांनी. तारीख एक, बदल दुसऱ्याच वेळी. ऊसतोड्याच्या बायकोला हे लगेच पटलं असतं.

कुणी म्हणेल, हा सगळा परदेशी प्रकार. मी त्याला मराठवाड्यातल्याच संत बहिणाबाईंकडे पाठवतो, देवगावच्या, सतराव्या शतकातल्या. ब्राह्मणाच्या बायकोनं तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्यानं मारलं, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं आणि पुढे तो कसा वळला हेही सांगितलं. मराठवाड्यात मिशनरी यायच्या कितीतरी आधीची ही घरातली साक्ष.

आता जे बोलणार आहे ते काहींना टोचेल. या रस्त्यावर जातीच्या दाखल्याचं वजन काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. 1956 साली शिखांना, 1990 साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती दलित बाहेरच आहे. म्हणून आमच्या कित्येक घरांत रविवारी एक ओळख आणि तहसीलला दुसरी. पोरगा सभेत साक्ष द्यायला उठला, की आई सदरा धरून खाली बसवते. परीक्षा आहे, भरती आहे, कुणी दाखल्याविरुद्ध अर्ज केला तर? योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध बरा होतो आणि त्याचे आईबाप म्हणतात, आम्हाला विचारू नका, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून घाबरलेले. आमच्या उपदेशांत या आईबापांना भित्रं म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. ती भीती ज्यानं जगलेली नाही, त्यानं तरी म्हणू नये.

पण लिहिताना ती भीती कागदावर आली पाहिजे. सदरा धरणारी आई आली पाहिजे. पोळ्याला बैलांची पूजा नको म्हणणारा थोरला, आणि मग बैलांना कोण ओवाळणार म्हणून रात्रभर न बोललेला बाप आला पाहिजे. सून ख्रिस्ती झाल्यावर हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं की ती स्वतःच जायची थांबली, हे दोघींना विचारून लिहा. येशूनं तुमचं काय केलं हे तुम्ही लिहाच, पण तुमच्या बदलानं घरच्यांचं काय केलं, हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. त्यांना ते पटलेलं नसेल, तर तसं येऊ द्या.

संयोजकांशी बोलून एक ठरवलंय. या मेळाव्याच्या अंकासाठी साक्ष पाठवणाऱ्यानं सोबत घरातल्या एका माणसाचं लेखनही पाठवायचं, त्यानं धर्म बदललेला असो वा नसो. लिहिता येत नसेल तर दुसऱ्यानं लिहून घ्यायचं, पण दुरुस्त करायचं नाही. त्या ताडपत्रीवरच्या बाईंना मी विचारून आलोय. त्या म्हणाल्या, “सांगते, पण त्यांना आधी बाहेर पाठवा.”