हट्टी मूल आणि आईबापांचें कर्तव्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंतील भाषण)



धर्मग्रामाचा खरा पाया कुटुंब होय. त्या कुटुंबांत एखादें मूल असें असतें कीं, तें क्षणांत संतापतें, वस्तु फेकतें, भावंडांवर हात टाकतें. शेजारी म्हणतात, "फटके कमी पडले!" आणि आई एकांतांत डोळे पुसते. त्या मुलाविषयीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

१८५७ सालीं शरदऋतूंतील एका सायंकाळीं संत जॉन बॉस्को इटलींतील कार्मान्योला स्थानकावर तुरीनच्या आगगाडीची वाट पाहत होते. धुक्यांत मुलांची एक टोळी दंगा करीत होती. तिचा म्होरक्या मिकेले मागोने हा पोरका मुलगा; बाप वारलेला, शाळेंतून घालविलेला. संतांनीं त्यास दम दिला नाहीं. नांव, वय, घरची स्थिति हीं प्रेमानें विचारलीं, व पुढें त्यास आपल्या आश्रमांत घेतलें. तेथें तो उदास झाला, तेव्हांही त्यांनीं कारण विचारलें. आणि पापनिवेदनावांचून त्याचें मन तळमळत आहे, हें उघड झालें. १८६१ सालीं संतांनीं त्याचें चरित्र लिहिलें.

शिक्षेपूर्वीं प्रश्न, हा त्यांतील धडा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन ह्यांनीं १९९८ सालच्या आपल्या ग्रंथांत असाच मार्ग शास्त्रीय रीतीनें मांडला. त्यांच्या मतें अशा मुलास सदिच्छेची वाण नसते. संताप आवरणें, बेत बदलतांच मन वळविणें, हें त्यास अद्याप साधलेलें नसतें. ज्यास अक्षरओळख नाहीं, त्यास वाचीत नाहीं म्हणून मारून काय लाभ?

समजा, सायंकाळच्या रोजरीस हांक मारतांच मुलगा आदळआपट करतो. घर शांत असतां आईनें विचारावें, "बाळा, प्रार्थनेला बोलावलें कीं तुला राग येतो. काय होतें रे?" तो कदाचित् म्हणेल, "माझा डाव अर्ध्यावर मोडतो. मग मुलें मला पुन्हां खेळांत घेत नाहींत." तें पूर्ण ऐकून घ्यावें. मग आपली चिंता सांगावी: "सर्वांनीं एकत्र प्रार्थना करावी, असें मला फार वाटतें." शेवटीं म्हणावें, "दोघांचेंही साधेल असें काय करूं या?" दहा मिनिटें अगोदर सूचना द्यावी, असें कदाचित् ठरेल. तें न जमल्यास पुन्हां बसावें.

कोणी म्हणेल, अशानें मूल डोक्यावर बसेल. बंधूंनो, येथें आईनें आपला आग्रह सोडलेला नाहीं. रोजरी व्हावयाचीच आहे. मात्र मूल कोणास इजा करूं लागलें, तर प्रथम त्यास आवरावें, बोलणें मागाहून. आणि संताप वारंवार अनावर होत असेल, तर वैद्याचा सल्ला घेण्यांत लाज कसली?

बारा वर्षांचे प्रभु येशू मंदिरांत सांपडले, तेव्हां पवित्र मातेनें प्रथम कारण विचारलें व मग आपल्या दोघांचें दुःख सांगितलें. बापांनीं मुलांस चिडवूं नये, त्यांचें मन खचूं देऊं नये, असें संत पौलही कलस्सैकरांस बजावितो.

म्हणून ह्या आठवड्यांत, हात उगारण्यापूर्वीं, एकदां तरी मुलाजवळ बसा. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. नाझरेथचें पवित्र कुटुंब आपल्या घरांचें रक्षण करो. आमेन.