शेताखालची वाट

चेन्नई शहराच्या उत्तरेस एन्नोर येथे कामराजर बंदर आहे. तेथे २०१९ साली द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेण्याचे केंद्र सुरू झाले. उणे एकशेसाठ अंशांच्या आसपास थंड करून पातळ केलेला हा वायू जहाजांतून येतो, किनाऱ्यावर पुन्हा वायुरूप होतो आणि नळांवाटे दूरदूरच्या गिऱ्हाइकांकडे निघतो. नळ निघाला म्हणजे त्याला वाट हवी. शहरात ती रस्त्याच्या कडेने काढता येते. शहर मागे पडले, की ती शेतांतून शोधावी लागते.

याच चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाची तांबडी, घुमटांची इमारत उभी आहे. ती १८९२ साली पुरी झाली आणि १८९४ पासून १९७७ पर्यंत तिच्या उंच मनोऱ्यावर दीपगृह होते. जहाजांना वाट दाखविणाऱ्या त्या इमारतीत २०१३ साली एका निराळ्याच वाटेचा तंटा येऊन दाखल झाला. शेतकऱ्याच्या शेतातून वायूचा नळ जावयाचा, तर त्याची वाट कोणी ठरवावी, हा तो तंटा होता. आज त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

केरळातील कोचीहून बंगळुरूकडे वायू नेण्याची योजना ‘गेल’ या केंद्र सरकारच्या कंपनीने आखली होती. तिच्या वाटेवर तमिळनाडूचे पश्चिमेकडील सात जिल्हे येत होते : कोइमतूर, तिरुप्पूर, ईरोड, सेलम, नामक्कल, धर्मपुरी आणि कृष्णगिरी. या राज्यातील लांबी सुमारे ३१० किलोमीटर होती आणि वापरासाठी घ्यावयाच्या पट्ट्याची रुंदी २० मीटर. सांगलीच्या मंडळींना ईरोडचे नाव हळदीच्या पेठेमुळे परके वाटणार नाही. या मुलखाला कोंगुनाडू म्हणतात. पाऊस बेताचा, कालव्याचे पाणी सर्वांना मिळत नाही. म्हणून येथील शेती विहिरींवर उभी आहे. विहीर खणावयाची, तिच्या पाण्यावर माड लावावयाचे आणि त्या माडांवर पुढची पिढी पोसावयाची, असा येथील अनेक घरांचा क्रम आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. तेलाच्या नळांसाठी संसदेने १९६२ साली एक कायदा केला. १९७७ साली त्यात खनिजांच्या नळांचीही भर पडली. त्याचा विचार वरवर पाहता समजूतदारपणाचा आहे. नळ जमिनीखाली मीटरभर किंवा त्याहून खोल जाणार, वर माती पुन्हा सारखी होणार. मग जमीन कायमची कशाला घ्यावयाची? केवळ तिच्या वापराचा हक्क घ्यावा. म्हणजे उताऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते, सारा तोच भरतो, नांगरही तोच धरतो. परंतु याच कायद्याच्या नवव्या कलमात तीन गोष्टींची मनाई आहे. त्या पट्ट्यात त्याने घर वा कसलेही बांधकाम करावयाचे नाही, विहीर किंवा तळे खणावयाचे नाही आणि झाड लावावयाचे नाही. भुईमूग पेरणाऱ्याला हा जाच कदाचित सोसेल. ज्याची सारी शेतीच विहीर आणि माड या दोन शब्दांत सामावली आहे, त्याच्या हाती मग काय उरले?

आपल्या ओळखीच्या मापाने हिशेब करून पाहू. एक एकराचा चौरस तुकडा घेतला, तर त्याची बाजू सुमारे चौसष्ट मीटर भरते. त्याच्या मधून २० मीटरचा पट्टा आरपार गेला, तर चाळीस गुंठ्यांपैकी साडेबारा गुंठे त्याखाली येतात. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश शेत. पिकाचे, झाडांचे प्रत्यक्ष नुकसान होईल त्याची भरपाई वेगळी. पण वापराच्या हक्काबद्दल कायद्याने ठरविलेला मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के आहे. साडेबारा गुंठे बांधले जातात आणि सव्वा गुंठ्याची किंमत हाती पडते. कंपन्या वाटाघाटीत कधी अधिक देऊ करतात, नाही असे नाही. पण ती त्यांची मर्जी झाली. शिवाय उरलेले शेत दुभंगते ते वेगळेच. असा पट्टा असलेली जमीन विकावयास काढली, तर गिऱ्हाईक कोणता भाव करील, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

कोंगुनाडूतील शेतकऱ्यांनी म्हणूनच एक साधी मागणी केली. नळ न्यावयाचा तर न्या, पण आमच्या शेतांतून नव्हे; राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने न्या. २०१३ च्या मार्च महिन्यात राज्य सरकारने त्यांची गाऱ्हाणी ऐकून घेतली, आणि मुख्यमंत्री जयललिता यांनी विधानसभेत तशीच भूमिका जाहीर केली. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याचा आदेश रद्द ठरविला आणि २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कायदा केंद्राचा, योजना केंद्राची. तेव्हा कायद्याने आखून दिलेली पद्धत पार पडल्यावर राज्याला मध्ये पडता येणार नाही, हे त्याचे सार होय. अधिकार कोणाचा, हा प्रश्न असा सुटला. बांधावरचा प्रश्न मात्र सुटला नाही, कारण तो मुळी निराळाच होता.

दरम्यान भीतीचेही एक कारण घडले होते. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम या गावी वायूच्या नळाचा स्फोट झाला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर कोइमतूरच्या शेतकऱ्याला ‘नळ जमिनीखाली आहे, तुम्हाला त्याचा त्रास नाही’ एवढे सांगून कसे भागावे?

नळाची जी गोष्ट, तीच विजेच्या तारांची. छत्तीसगडमधील रायगडहून तमिळनाडूतील पुगळूरपर्यंत ८०० किलोव्होल्टची वाहिनी आली, तेव्हा २०१८ च्या अखेरीस याच भागातील शेतकरी उपोषणास बसले होते. येथे आधार होता १८८५ च्या तार कायद्याचा. तारायंत्राच्या खांबांसाठी इंग्रजांनी केलेली तरतूद विजेच्या प्रचंड मनोऱ्यांना लागू झाली. मालकाची संमती आधी घेण्याचे बंधन तीत नाही. हरकत आली, तर जिल्हा दंडाधिकारी परवानगी देऊ शकतो. २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा झाला, तरी वीजवाहिन्यांपुरती ही जुनी तरतूद राखून ठेवली गेली. एक बदल मात्र स्वागतार्ह आहे. २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के व तारांखालील पट्ट्यासाठी फार तर १५ टक्के मोबदला सुचविला होता. जून २०२४ च्या सूचनांत ही प्रमाणे २०० आणि ३० टक्के झाली. शेतकऱ्याने वर्षानुवर्षे धरलेला हट्ट निव्वळ हट्ट नव्हता, याची ही एक प्रकारे कबुलीच म्हणावयास हवी.

मराठी माणसाला ही कथा नवी नाही. मुळशी खोऱ्यातील शेतकरी १९२१ साली टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहास उभे राहिले. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. वीज मुंबईला मिळाली. गावे पाण्याखाली गेली. पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. या दोन घटनांमध्ये नव्वद वर्षांचे अंतर आहे. देश पारतंत्र्यातून स्वातंत्र्यात आला, कंपनीची जागा महानगरपालिकेने घेतली. तरीही शेतकऱ्याला विचारण्याची वेळ सर्वांत शेवटीच आली.

वायू नको, वीज नको, असे कोंगुनाडूचा शेतकरीही म्हणत नाही. त्याच्या विहिरीवरचा पंप विजेवरच चालतो. त्याचे म्हणणे एवढेच, की नकाशावर रेघ ओढण्याआधी ज्याच्या शेतातून ती जावयाची, त्याच्याशी बोला. विहीर कोठे आहे, बाग कोठे आहे, मुलाच्या घराची जागा कोणती धरली आहे, हे त्यालाच ठाऊक असते. रेघ चाळीस हात सरकली, तर कंपनीचे फारसे बिघडत नाही. त्याचे मात्र सारे सुधारते. आणि नळातून वायू दरवर्षी वाहणार असेल, तर मोबदलाही एकदाच न देता दरवर्षी खंडासारखा का देऊ नये?

असे बदल होतील तेव्हा होतील. तोपर्यंत ज्यांच्या बांधावर मोजणीदार येऊन उभे राहतात, त्यांनी कायदा जे देतो ते तरी पदरात पाडून घ्यावे. राजपत्रातील अधिसूचना लोकांना उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत नळाविरुद्ध लेखी हरकत घेता येते, आणि आपले म्हणणे स्वतः किंवा वकिलामार्फत मांडता येते. ही मुदत कोणासाठी थांबत नाही. राजपत्र कोणाच्या ओसरीवर येऊन पडत नाही. म्हणून गटक्रमांकासह नकाशा मागून घ्यावा, झाडे, विहिरी आणि उभे पीक यांचा पंचनामा काम सुरू होण्याआधी करून त्याची नक्कल जवळ ठेवावी, तोंडी आश्वासन कागदावर मागावे आणि मोबदला अपुरा वाटल्यास जिल्हा न्यायालयाचे दार ठोठावावे. हे एकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केले, तर अधिक बरे.

बाकीच्यांनी, म्हणजे शहरात राहणाऱ्या आपण सर्वांनी, एक गोष्ट ध्यानात धरावी. आपल्या शेगडीपर्यंत आलेल्या वायूचे देयक आपण दरमहा भरतो. त्यात जहाजाचे भाडे असते, नळाचा खर्च असतो, कंपनीचा नफा असतो. साडेबारा गुंठ्यांत पुन्हा कधी माड लावता येणार नाही, या नुकसानीची पुरी किंमत त्यात अजून धरलेली नाही. ती धरली गेली आणि वायू थोडा महाग झाला, तर ते देणे न्याय्य समजून आपण चुकते करावे.