मागचं दार कुठं आहे?

पानमळ्यातून येऊन आत्ता चुलीपुढं बसलेल्या, नाहीतर गोठ्यात धार काढता काढता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आम्हा निमगाव केतकीच्या बायकांचा रामराम.

आजचा विषय जरा अवघड आहे. परदेशात कुणी शाळेत, बाजारात शिरून गोळ्या झाडल्याची बातमी लागली की आपण म्हणतो, "ते तिकडं. आपल्याकडं कशाला होतंय?" पण आपल्या मुंबईत झालंय. २६ नोव्हेंबर २००८, बुधवारची रात्र. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर लांबच्या गाड्यांची वाट बघत लोक पोराबाळांसह, बोचक्यांवर डोकं टेकून बसले होते. दोघांनी त्यांच्यावर बेछूट गोळ्या झाडल्या. त्या एका स्टेशनात ५० हून जास्त जीव गेले.

त्या रात्रीच्या दोन माणसांची आज आठवण काढायची आहे. पहिले विष्णू झेंडे. स्टेशनात गाड्यांची घोषणा करायचं त्यांचं काम. आवाज झाला तेव्हा आधी त्यांना स्फोटच वाटला. मग बंदूकवाले दिसले. ते जागचे हलले नाहीत. माईक हातात धरून लोकांना सांगत राहिले, की इकडं येऊ नका, मागच्या बाजूनं बाहेर पडा. लोकलमधून उतरणारे कितीतरी लोक त्या आवाजामुळं वाचले.

दुसऱ्या अंजली कुलथे, जवळच्या कामा हॉस्पिटलमधल्या परिचारिका. रात्रपाळीला त्यांच्या वॉर्डात २० गरोदर बायका होत्या. हल्लेखोर हॉस्पिटलच्या आवारात शिरले, फाटकावरचे रखवालदार मारले गेले. अंजलीताईंनी वॉर्डाची जड दारं लावून घेतली, दिवे मालवले आणि सगळ्या बायकांना टोकाच्या छोट्या खोलीत नेऊन बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतीच्या खोलीपर्यंत पोचवलं. पुढं कोर्टात उभं राहून त्यांनी कसाबला ओळखलंही.

या दोघांकडं बंदूक नव्हती. पण झेंड्यांना बाहेर पडायची वाट माहीत होती आणि हाताशी माईक होता. अंजलीताईंना आपल्या वॉर्डाचं दार, दिव्याचं बटण आणि आडोशाची खोली माहीत होती. म्हणून आम्हाला वाटतं, दारात तपासणीची चौकट उभी केली म्हणजे बंदोबस्त झाला असं नाही. चौकट टिंग टिंग वाजते आणि बघायला कुणी नसेल, तर तिचा उपयोग काय?

आता आपल्याकडचं बघा. मागं आम्ही एका लग्नाला गेलो होतो. कार्यालय खच्चून भरलेलं. बाहेर फटाक्यांची माळ लागली आणि कुणीतरी ओरडलं, "गोळीबार!" झालं, सगळे पुढच्या एकाच दाराकडं धावले. मागच्या दाराला कुलूप, त्याच्यापुढं खुर्च्यांची थप्पी आणि गॅसच्या टाक्या. किल्ली कुणाकडं, ते कुणालाच ठाऊक नाही. एका म्हातारीचा हात मोडला, एवढ्यावर निभावलं. खरी गोळी सुटली असती तर?

गर्दीला गोळीच लागते असंही नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त भाविक गेले. त्यात बायका किती होत्या! वाट अरुंद, माणसं अफाट आणि वर दुकानांना आग.

आषाढीला जाताना तुकोबारायांची पालखी आपल्या गावात मुक्कामाला येते. तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. पोलीस त्यांचं काम करतात. आपण काय करायचं, ते आम्ही चौघी-पाचजणींनी बसून ठरवलंय.

एक, कार्यालय असो, शाळेचं संमेलन असो, आत गेलं की आधी मागचं दार बघायचं. कुलूप असेल तर तिथल्या तिथं विचारायचं, "दादा, किल्ली कुणाकडं आहे?" लाजायचं नाही. दोन, माईक कुणाच्या हातात राहणार ते आधीच ठरवून घ्यायचं. घाबरलेल्या गर्दीला एकच शांत आवाज लागतो. तीन, लेकरांना सांगून ठेवायचं, की चुकामूक झाली तर अमुक झाडापाशी थांबायचं. चार, नुसत्या आवाजावरून ओरडायचं नाही, पण बेवारस पिशवी किंवा हत्यार दिसलं तर हात न लावता ११२ वर फोन करायचा.

आणि एक गोष्ट घरातली. वरातीत हवेत बार काढणं ही हौस नव्हे. २०१९ पासून कायद्यानं अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. वर गेलेली गोळी खाली येतेच. पोराच्या मोबाइलमध्ये कट्टा हातात घेतलेला फोटो दिसला, तर "पोरखेळ आहे" म्हणून सोडू नका. कट्टा कुणाचा, कुठून आला, ते आईनंच विचारायचं. आज घरात विचारलेलं बरं, उद्या पोलीस ठाण्यात विचारण्यापेक्षा.

भिऊन यात्रा सोडायची नाही, लग्नाला जायचं थांबायचं नाही. पुढच्या लग्नात अक्षता हातात घेण्याआधी एकदा मागं वळून दार तेवढं बघा. आणि त्याच्यापुढं खुर्च्या रचलेल्या दिसल्या, तर चौघीजणी मिळून त्या बाजूला करा.

रामराम.