बारवेच्या पायऱ्या आणि उद्याचे पाणी

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्ञातिसंमेलनात शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च हे विषय दरवर्षी निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. आज मात्र आपल्या पायांखालच्या पाण्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो. कारण ते आटले तर या विषयांची चर्चा करावयास गावात कोणी उरणार नाही.

आपला परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचा. येथील काळी भूमी कसदार खरी. परंतु तिच्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा कठीण पाषाण आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच काय ते पाणी साठते. हा भूगर्भातील समुद्र नव्हे, रांजण आहे. पावसाने भरावा आणि उपशाने रिता व्हावा, असा.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि सेलू तालुक्यातील वालूर येथील बारवा आपण पाहाव्यात. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या तर चक्राकार उतरत जातात. त्या पाण्यापर्यंत नेतात, तशाच पाण्याचा हिशेबही दाखवितात. माघात किती पायऱ्या उघड्या पडल्या आणि चैत्रात किती, हे उतरणाऱ्यास न सांगता कळे आणि हात आपोआप आखडता होई.

१९७२ च्या भीषण दुष्काळानंतर विंधन विहिरी गावोगाव झाल्या. तहानलेल्या वस्त्यांना त्यांनी जगविले, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु नळीतून खाली किती उरले ते दिसत नाही. शेजाऱ्याने २०० फूट खणले की आपण ३०० फूट खणतो. रांजण मात्र दोघांचा एकच असतो. ६० मीटरांहून खोल विहिरींना मनाई करणारा २००९ चा भूजल कायदा राज्यात आहे. पण न दिसणाऱ्या वस्तूसाठी चाललेली चढाओढ एकट्या कायद्याने थांबत नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण विसरू नये.

यात आणखी एका संकटाची भर पडली आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग असत. कोळसा व खनिज तेल जाळून मानवाने ते ४२० च्या वर नेले. पृथ्वी तापत चालली, तसा पाऊस बेभरवशाचा झाला. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला, तर तो मुरत नाही, माती घेऊन वाहून जातो. म्हणून भरण्याची चिंता अधिक आणि उपशाची घाई कमी, हेच शहाणपण होय.

येथे एक कटु सत्य ज्ञातिसंमेलनातच सांगितले पाहिजे. जुन्या पाणवठ्यांच्या पायऱ्या सर्वांना मोकळ्या नव्हत्या. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला. म्हणून पूर्वजांचे स्थापत्य घ्यावे, त्यांचा विटाळ घेऊ नये. खडकातील भेग कोणाच्या शेताखालून जाते आणि तो शेतकरी कोणत्या ज्ञातीचा, हे पाणी विचारीत नाही. आपल्या समाजाची शिरगणती वेगळी करता येईल. आपल्या समाजाचे पाणी वेगळे करता येणार नाही.

वालूरच्या ग्रामस्थांनी श्रमदानाने आपली बारव स्वच्छ केली. तोच कित्ता गिरवून प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एक बुजलेली बारव वा विहीर सर्व ग्रामस्थांसह उपसावी आणि तिच्या कठड्यावर पाण्याची पातळी दरमहा लिहावी. तसेच वसतिगृहाच्या छपराचे पाणी जमिनीत मुरवावे. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७०,००० लिटर पाणी पडते. ते आज गटारात जाते. आणि नवी विंधन विहीर घेण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलावे.

आपण वसतिगृहात मुले शिकवितो, ती शिकून गावी परततील या आशेने. ती परततील तेव्हा बारवेत त्यांना पाणी दिसावे, एवढीच या वर्षीची माझी मागणी आहे.