उमेदवार कोण ठरवतो?

(मैंदर्गी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विषय अमेरिकेतल्या राजकीय पक्षांचा आहे, पण सुरुवात मी चिकोडीपासून करणार आहे. श्री ठाणेदार यांचा जन्म 1955 साली चिकोडीत झाला आणि ते बेळगावात वाढले. म्हणजे तुमच्यासारखेच सीमाभागातले. 1979 साली रसायनशास्त्र शिकायला अमेरिकेला गेले, तिथेच उद्योजक झाले. मंदीत एक मोठी कंपनी हातची गेली, तेव्हा दुसरी उभी केली. आणि 2018 साली, वयाच्या 63व्या वर्षी, मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरले. त्याआधी त्यांनी कुठलीच निवडणूक लढवली नव्हती.

आता मला सांगा, आपल्याकडे असा माणूस काय करेल? मुंबईला चकरा मारेल. कुणाच्या तरी शिफारशीने नेत्याला भेटेल. यादीत नाव आहे की नाही, कापले तर कुणी कापले, याची वाट बघत बसेल. ठाणेदारांना यातले काही करावे लागले नाही. मतदारांच्या किमान 15 हजार सह्या गोळा करायच्या, वेळेत दाखल करायच्या, की पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर नाव येते. पक्षाच्या नेत्यांना तो माणूस पसंत असो वा नसो.

प्राथमिक निवडणूक हा अमेरिकी पक्षव्यवस्थेचा गाभा आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. मिशिगनमध्ये ती ऑगस्टमध्ये होते, खरी निवडणूक नोव्हेंबरात. मतदाराच्या हातात एकच मतपत्रिका येते. एका रकान्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे इच्छुक, दुसऱ्यात रिपब्लिकन पक्षाचे. मतदाराने कुठल्या तरी एकाच रकान्यात मत द्यायचे. दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षांच्या रकान्यांतली मते बाद. रकाना कुठला निवडला हे गुप्त राहते. त्या राज्यात मतदार नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही, सभासदत्वाची पावतीही लागत नाही. या मोजणीत जो पहिला येतो तो पक्षाचा उमेदवार. अध्यक्षाची सही नाही, संसदीय मंडळाची बैठक नाही.

ठाणेदारांनी 2018 साली स्वतःच्या खिशातले 1 कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि तिसरे आले. ग्रेचन व्हिट्मर जिंकल्या आणि पुढे गव्हर्नर झाल्या. ठाणेदारांना जवळपास 18 टक्के मते पडली. 2020 साली ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले आणि 2022 साली डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेल्या 13व्या मतदारसंघातून थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले.

पण मंडळी, त्या 2022 च्या निवडणुकीतली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. डेट्रॉइट हा डेमोक्रॅटिक पक्षाचा गड. तिथे ऑगस्ट जिंकला की नोव्हेंबर जिंकल्यातच जमा. ऑगस्टला नऊ उमेदवार रिंगणात होते आणि ठाणेदारांना सुमारे 28 टक्के मते मिळाली. बाकीची विभागली गेली. ज्या शहरात कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत, त्या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये नाही, असे सुमारे 70 वर्षांत पहिल्यांदाच घडले. आपला माणूस जिंकला याचा आनंद मलाही झाला. पण आपला म्हणून हे दुखणे झाकून ठेवणार नाही. दार सगळ्यांना उघडे असते तेव्हा पैसेवाला आधी आत शिरतो, हेही त्या व्यवस्थेचे सत्य आहे.

हे दार उघडले कसे, तेही सांगतो. अमेरिकेच्या संविधानात राजकीय पक्षाचा उल्लेखही नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1796 साली निरोप घेताना पक्षीय गटबाजीपासून सावध राहा असे बजावले होते. तरी पक्ष आलेच, आणि त्यांच्या मागोमाग पक्षांचे ठेकेदारही आले. शतकभर उमेदवार बंद खोलीत ठरत. त्याविरुद्ध विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट झगडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या राज्याने प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला. तरी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पुढेही बरीच वर्षे पुढाऱ्यांच्याच हातात होती. 1968 साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता उमेदवार झाले. उमेदवारी ठरवणाऱ्या शिकागोच्या पक्ष-अधिवेशनाबाहेर तरुणांवर लाठ्या चालल्या, देशभर संताप उसळला, आणि मगच नियम बदलले. कुणा नेत्याने मनाच्या मोठेपणाने अधिकार सोडलेला नाही. लोकांनी तो हिसकावून घेतला आहे.

उमेदवारी ज्याच्या हातात, त्याचाच धाक निवडून आलेल्याला असतो. तिथे व्हीप आहे, पण तो मोडला म्हणून पद जात नाही. 13 जानेवारी 2021 रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवण्याच्या बाजूने त्यांच्याच पक्षाच्या दहा प्रतिनिधींनी मत दिले. एकाचेही सदस्यत्व गेले नाही. पण पुढच्या वर्षी चौघांनी निवडणूकच लढवली नाही, चौघे प्राथमिक निवडणुकीत पडले, दोघेच परत आले. पडलेल्यांत लिझ चेनी होत्या. त्या मतदानावेळी सभागृहातल्या पक्षाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्या, आणि माजी उपराष्ट्राध्यक्षांची मुलगी. त्यांना घरी बसवले ते वायोमिंगच्या मतदारांनी. निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद होईल. पण तो कुणी घेतला याबद्दल वाद नाही.

आता आपल्याकडे या. नगरपरिषदेची निवडणूक लागली की शेवटच्या दिवशी काय चित्र असते? तीन वाजता मुदत संपणार. इच्छुकाने अर्ज भरलाय, अनामत भरलीय, सूचक बरोबर आहे. आणि सगळ्यांचे डोळे एबी फॉर्मकडे. ए फॉर्मवर पक्ष कळवतो की उमेदवारांची नावे देण्याचा अधिकार कुणाला, आणि बी फॉर्मवर तो अधिकारी माणूस उमेदवाराचे नाव लिहितो. दोन कागद. ज्याने दहा वर्षे प्रभागात पाण्याच्या टँकरमागे धावाधाव केली तो बाहेर उभा, आणि कालपर्यंत दुसऱ्या गटात असलेल्याच्या खिशात ते कागद. मग बंडखोरी, मग अपक्ष, मग रात्रीतून उभी राहिलेली आघाडी. त्या कार्यकर्त्याला आपण फुटीर म्हणतो. त्याला विचारले कुणी होते?

आणि निवडून आल्यावर तो आणखी बांधला जातो. 1985 साली संविधानात दहावी अनुसूची आली आणि व्हीप मोडणाऱ्या आमदार-खासदाराचे पद धोक्यात आले. 1986 साली महाराष्ट्राने तसाच कायदा स्थानिक संस्थांसाठी केला. म्हणजे नगरसेवकालाही व्हीप आहे, तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. ‘आयाराम-गयाराम’ थांबावेत म्हणून हे कायदे आले, आणि हेतू चांगलाच होता. पण फुटणाऱ्यांनी घाऊक फुटण्याच्या वाटा काढल्या. महाराष्ट्राने 2022 पासून काय पाहिले ते मी सांगायला नको. तरीही गटाराच्या ठरावावर प्रामाणिकपणे वेगळे मत असलेला एकटा सदस्य गप्पच बसतो.

डेट्रॉइटची आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या शहरातून ठाणेदार पक्षाच्या नावावर काँग्रेसमध्ये जातात, त्याच शहराच्या महापौराची निवडणूक पक्षाच्या नावावर होत नाही. 1918 च्या सनदेपासून महापौराच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नावच नसते. देशाच्या धोरणाला पक्ष हवा, नळाच्या पाण्याला कशाला, असा त्यामागचा विचार. आपण हे ग्रामपंचायतीला लावले, तिथे पक्षाचे चिन्ह नाही. मैंदर्गीसारखी छोटी नगरपरिषद मात्र पक्षांच्या चिन्हांवर लढते.

उमेदवार निवडायला लोकांना विचारणे आपल्याकडे जमायचे नाही, असे कुणी म्हणेल. 2014 च्या लोकसभेला आपल्या काँग्रेस पक्षाने देशात निवडक मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा त्यात होते. मत देण्याचा हक्क सामान्य मतदाराला नव्हता, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होता. लातूरला दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्याला सागर मेघे. त्या लाटेत दोघेही पडले. प्रयोगाचे नावही पुढे ऐकू आले नाही. मला याचे फार वाईट वाटते. लाटेत तर नेत्यांनी निवडलेले उमेदवारही पडले होते, पण म्हणून नेत्यांचा तिकीट देण्याचा अधिकार कुणी गुंडाळून ठेवला नाही. त्याच्याही आधी, 1999 साली, विधी आयोगाने आपल्या 170व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करा अशी शिफारस केली होती. सरकारे सगळ्या पक्षांची येऊन गेली.

दिल्लीत कायदा होईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. मैंदर्गीच्या एका प्रभागातले एका पक्षाचे सभासद शाळेच्या एका वर्गात मावतील. अर्ज भरायच्या आठ दिवस आधी त्यांना बोलवा, इच्छुकांना पाच-पाच मिनिटे बोलू द्या, कानडीत बोला, मराठीत बोला, आणि चिठ्ठी टाकून मत घ्या. ज्याला जास्त चिठ्ठ्या, त्याच्या नावाचा बी फॉर्म. यासाठी कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही, फक्त तालुक्याच्या नेत्याला सांगावे लागते की यादी आम्ही केली आहे. पुढच्या निवडणुकीआधी तुमच्यातल्या एखाद्या पक्षाच्या शाखेने हे करून पाहावे, ही माझी आज हात जोडून विनंती आहे.