आवाज बुडतो कुठे?

लघुलहरींवर रेडिओ सिलोन ऐकलेल्या पिढीला एक अनुभव ठाऊक आहे. गाणे छान चाललेले असे, मध्येच आवाज दूर जाई, घोगरा होई आणि थोड्या वेळाने आपोआप परत येई. दोष स्टेशनचाही नसे नि संचाचाही. आकाशातून निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींवर कुरघोडी करत. मोबाइलवरही हेच घडते. फक्त हे भांडण आकाशात नव्हे, आपल्या गल्लीत होते.

टॉवरवरून निघालेल्या लहरी आपल्या फोनकडे एकाच वाटेने येत नाहीत. कुणी समोरच्या इमारतीवर आपटून येते, कुणी टेकडीला वळसा घालून. लांबच्या वाटेने येणारी उशिरा पोचते. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच क्षणी आला, की दोघी मिळून जवळजवळ शून्य. यालाच फेडिंग म्हणतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. त्यामुळे कधी कधी वीतभर सरकले तरी आवाज परत येतो. फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारणाऱ्याला लोक हसतात, पण त्याचे वागणे शास्त्राला धरूनच असते.

माझ्या थोरल्या आपाने एकदा इस्पितळातून फोन केला. "डॉक्टर म्हणतात, आता धोका..." आणि पुढे शांतता. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. तेवढा शब्द बुडाला की अर्थच उलटा. तो 'नाही' मला पाच मिनिटांनी, दुसऱ्या फोनवर मिळाला.

आता बँडविड्थ. हा शब्द आपण इंटरनेटच्या वेगासाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र साधा आहे: सिग्नलने व्यापलेल्या पट्ट्याची रुंदी. गंमत अशी, की एका जागी सगळ्याच फ्रिक्वेन्सी एकदम बुडत नाहीत. एक बुडते तेव्हा थोड्या अंतरावरची दुसरी ठणठणीत असते. रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखेच. सायकलचे अरुंद चाक खड्ड्यात पुरते जाते, रोलर वरून निघून जातो.

पण खड्डा केवढा, हे कशावर ठरते? वाटांमधल्या फरकावर. दोन वाटांत ३०० मीटरचा फरक असेल तर दुसरी लहर एक मायक्रोसेकंद उशिरा येते आणि दर १ मेगाहर्ट्झवर एक खड्डा पडतो. जुन्या जीएसएम फोनचा पट्टा अवघा २०० किलोहर्ट्झचा. तो अशा खड्ड्यात जवळजवळ सबंध बसतो. थ्रीजीचा पट्टा ५ मेगाहर्ट्झचा. त्यात असे पाचएक खड्डे पडतात, तरी बराचसा सिग्नल शाबूत राहतो. शिवाय रुंद पट्ट्यामुळे उशिरा आलेली लहर वेगळी ओळखता येते आणि तिची ताकद पहिलीत मिळवता येते. हे काम करणाऱ्या यंत्रणेचे नाव 'रेक', म्हणजे आपले दंताळे! विखुरलेले गोळा करणारे. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

घरात मात्र वाटांमधला फरक ३० मीटरच असू शकतो. मग खड्डे १० मेगाहर्ट्झच्या अंतराने, पण तेवढेच रुंद पडतात. तिथे थ्रीजीचे चाकही बुडू शकते. म्हणजे रुंदी पुरेशी की अपुरी, हे समोरचा खड्डा पाहूनच सांगावे.

जीएसएमवाल्यांनी यावर तोड काढली होती. एका खड्ड्यात अडकून राहायचे नाही. सेकंदाला २१७ वेळा फ्रिक्वेन्सी बदलायची. फोरजीने आणखी पुढे जाऊन २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १५ किलोहर्ट्झचे १२०० धागे केले. कुठला भाग चांगला ऐकू येतो ते फोन टॉवरला कळवतो, टॉवर तिकडून निरोप पाठवतो.

लिफ्टमध्ये किंवा डोंगराआड यातले काहीच फारसे कामाला येत नाही. तिथे सारा रस्ताच खचलेला असतो. आणि फोनची ताकद मर्यादित असल्याने ती रुंद पट्ट्यावर पसरली की पातळ होते. म्हणून टॉवरपासून दूर गेलेला फोन थोड्याच धाग्यांवर जोर एकवटतो. तळघरातल्या पाण्याच्या मीटरसाठी तर अभियंत्यांनी मुद्दाम १८० किलोहर्ट्झचा अरुंद पट्टा निवडला. निरोप बुडू नये म्हणून मीटर तोच निरोप पुन्हा पुन्हा सांगत राहतो.